प्रसादाची पाटी

अकोल्याच्या एका दवाखान्यात भिंतीवरचे दोन शब्द माझे होते. आता ते काढले आहेत. काढायला मीच लावले, पण उशिरा.

मी सगळी नोकरी अमरावतीला मराठी शिकवण्यात घालवली. निवृत्त झाले तरी लाल पेन पर्समध्ये असतंच. लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्वदीर्घ तपासते, मग मुहूर्त बघते. घरचे म्हणतात, देव समोर उभा राहिला तरी ही आधी त्याच्या आशीर्वादातली वेलांटी दुरुस्त करेल. म्हणू देत. चुकीचं लिहिलेलं मला सोसत नाही, आणि आपलं चुकलं हे तर त्याहून सोसत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आर्किटेक्ट झाला. त्याला अकोल्याच्या त्या दवाखान्याच्या नव्या वॉर्डाचं काम मिळालं, तेव्हा नकाशे घेऊन तो माझ्याकडे आला. पोरगा जीव लावून काम करणारा. खाटेवर पडल्या पडल्या बाहेरचा कडुनिंब दिसावा म्हणून त्यानं खिडक्या खाली घेतल्या होत्या. सोबतच्या माणसाला खाटेच्या पायाशी अंग आखडून बसावं लागू नये म्हणून प्रत्येकीजवळ एक बाक दिला होता. "मॅडम, माणूस अर्धा तर भिंतीकडे पाहूनच खचतो," असं तो म्हणाला, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

मग त्यानं पाट्यांची यादी पुढे केली. शुद्धलेखन बघून द्या म्हणाला. त्यात 'संडास-बाथरूम' लिहिलेलं होतं. मी ते लाल पेनानं खोडलं आणि वर लिहिलं, 'प्रसाधनगृह'. पुढे 'बाहेर जाण्याचा रस्ता' होतं. त्यातले शेवटचे दोन शब्द उडवले. पाटीवर लांबण लावू नये, 'बाहेर' एवढं पुरतं, असं त्याला समजावलंही. तो मान डोलावून गेला. चहाबरोबर मी त्याला चिवडा दिला होता, तेही आठवतं.

दोन वर्षांनी त्याच वॉर्डात मी माझ्या आईला घेऊन गेले.

आई पातूरजवळच्या आमच्या खेड्यात राहायची. पन्नाशी उलटल्यावर ती वाचायला शिकली, ती माझ्या पाटीवर, माझ्या उन्हाळ्याच्या सुट्यांत. आधी आम्ही सगळी भावंडं तिला माय म्हणायचो. मास्तरीण झाल्यावर मी एकटी आई म्हणायला लागले. तिनं त्यावरून फक्त एकदा चेष्टा केली, "बाई शयरातली झाली आमची." वाचता यायला लागल्यावर तिला जणू नवे डोळे फुटले. एसटीत खिडकीशीच बसायची आणि येईल ती पाटी मोठ्यानं वाचायची. खतं. बियाणे. पंक्चर. पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायचे, मी तिला कोपरानं ढोसायची, आणि तिचं आपलं चालूच असायचं.

तिचं हृदय थकलं होतं. पाय सुजून खांबासारखे झाले होते. पहिले दोन दिवस अतिदक्षता विभागात तिला लघवीची नळी लावलेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली आणि अंगातलं पाणी उतरावं म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी देऊन तिला नव्या वॉर्डात आणलं. कडुनिंब दिसला तशी ती खूष झाली. मी औषधं आणायला निघाले आणि जाता जाता म्हणाले, "काही लागलं तर सगळीकडे पाट्या आहेत. तुला येतं की वाचायला."

हे मी कौतुकानं म्हटलं होतं. तिला उठून संडास कुठे आहे एवढं दाखवायला दोन मिनिटं लागली असती.

आमच्या खेड्यात बायका पहाटे शेताकडे जायच्या. त्याला 'बाहेर जाणं' म्हणायचे. पुढे घरोघरी संडास झाले, पण शब्द तोच राहिला. दोन पावलांवरच्या मोरीशेजारी जायचं असलं तरी आई सांगायची, बाहेर जाऊन येते. त्या दिवशी गोळीनं काम सुरू केलं तशी ती नर्सला म्हणाली, "मले बाहेर जा लागते."

नर्स दुसऱ्या जिल्ह्यातली, नवी आलेली. ती गोड आवाजात म्हणाली, "आजी, एवढ्यात बाहेर नाही हं जायचं. डॉक्टर सुट्टी देतील तेव्हा जायचं." आईनं तिला दोनदा सांगितलं. तिनं दोनदा समजूत घातली आणि पुढच्या खाटेकडे गेली. तिचीही चूक नाही.

मग आईनं पाटी वाचली. बा. हे. र. बाण होता. ती भिंत धरत धरत त्या बाणामागे चालत गेली. एक वळण, दुसरं वळण, मग काचेचं दार. दार ढकललं तर समोर बाह्यरुग्ण विभाग, नंबर लावून बसलेला सगळा अकोला.

मी औषधांची पिशवी घेऊन त्याच दालनातून येत होते. लोक कशाभोवती तरी मागे सरकून उभे होते. मध्ये माझी आई होती. पदर तोंडात कोंबलेला, पातळ ओलं, पायाशी पाणी. सफाईवाली एक बाई धावत आली. कोणाला काही न बोलता तिनं चादर उघडून आईभोवती धरली आणि लोकांकडे पाठ केली. मला ते सुचलं नव्हतं. मी नुसती उभी होते.

"बाहेर लिवलं होतं म्हनून आली," आई म्हणाली. "इथं तं सारा बजार हाय."

"तुझ्या खाटेसमोरच तर होतं ग," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, लाजेनं.

"समोर? तिथं तं प्रसाद लिवलं हाय. मले वाटलं देवघर हाय दवाखान्याचं." चादर ओढून घेत ती हळूच म्हणाली, "मी सकाळून हात जोडून राह्यली तिकडं."

दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते.

त्यानंतर तिनं पाणी सोडलं. डॉक्टर मोजून जेवढं प्या म्हणत तेवढंही घशाखाली उतरेना. मी पेला द्यायची, ती ओठ ओले करायची आणि माझी पाठ वळली की तस्तात ओतून टाकायची. विचारलं तर "प्याली ना बाई." पुन्हा तशी पाळी यायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. डॉक्टर रागावले, मी रागावले. चार दिवसांनी सुटी झाली तेव्हा ती आली होती त्याहून वाळलेली होती.

तिला अमरावतीला माझ्याकडे नेलं. गाडीत ती खिडकीशी बसली, पण मान खाली. मूर्तिजापूर आलं तशी मी मुद्दाम विचारलं, "आई, कोणतं गाव आलं ग?"

"तूच वाच. अर्ध्या हयकुंडानं पिवळी झाली होती मी."

"तू बरोबरच वाचलं होतंस."

"मंग मी तिथं कशी गेली?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तू नाही चुकलीस, मी चुकले, त्या दोन्ही पाट्या माझ्याच हातच्या. तेवढं म्हणायचं होतं. जन्मभर मुलांच्या वह्यांत चुका काढल्या, स्वतःची एक सांगायला तोंड उघडलं नाही. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. मग तिला जरा बरं वाटू दे म्हटलं. ती माझ्याकडे तीन महिने होती. त्या तीन महिन्यांत तिनं एकही अक्षर वाचलं नाही. पेपर समोर आला तर चष्मा नाही म्हणायची, आणि चष्मा नाकावर असायचा. दिवाळीच्या आधी एका सकाळी ती गेली. आपण चुकीचं वाचलं असं समजूनच गेली. हे मला गिळता येत नाही.

तेरवी झाल्यावर मी त्या विद्यार्थ्याला बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यानं नकाशा उघडून आईच्या खाटेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "खाटेवरून दार ओळखू यायलाच पाहिजे होतं, मॅडम. पाटीची गरज पडली तिथंच माझं चुकलं." मी म्हटलं, माझ्या वाटणीचं मला राहू दे.

पाट्या बदलायचं काम झाल्याचा त्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला जाऊन आले. दाराला ठळक निळा रंग दिला होता. आत भिंतीला धरायला दांडे होते. खाटांपासून दारापर्यंत फरशीवर पिवळा पट्टा ओढला होता, अक्षर न येणाऱ्यालाही कळावा असा. 'बाहेर'च्या जागी 'गेटकडे' लिहिलं होतं. आणि निळ्या दारावर हाताएवढ्या अक्षरांत त्याचे मूळचे शब्द, खाली टमरेलाचं चित्र.

आईच्या खाटेवर दुसरी कोणी झोपली होती. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि आई वाचायची तसं, एकेक अक्षर सुटं करून वाचलं. सं. डा. स.

मागून सफाईवाली येत होती. तीच, चादर धरणारी. तिनं मला ओळखलं नाही. पांढरे केस आणि अडखळणारं वाचन, एवढंच तिला दिसलं असणार. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बराबर वाचलं, माय," ती म्हणाली. "तिकडंच हाय. जा."

मी पिवळ्या पट्ट्यावरून चालत गेले आणि आतून कडी लावून रडले.