काट्याची जागा बुजवली

गेल्या सोमवारी आमच्या जुन्या ट्रकचं इंजिन बदललं… टेमघरच्या गॅरेजमध्ये. जुनं इंजिन साखळीला लटकत वर आलं, तेव्हा मी उगाच डोक्यावरची टोपी काढली. मुलगा संदेश हसला. म्हणाला, "बाबा, लोखंड आहे ते."

नवं म्हणजे काही कोरं नव्हे, पुढच्या मॉडेलच्या गाडीतून काढलेलं. त्याच्या अंगावर सेन्सरसाठी ठेवलेली भोकंच भोकं… आमच्या गाडीत कॉम्प्युटर नाही, मग ते सेन्सर बोलणार कोणाशी? म्हणून मिस्त्री एकेक भोक चिंधीने पुसून, पितळेचं बूच पिळून बंद करत होता.

शेवटी पाण्याच्या वाटेवरची दोन भोकं राहिली. एकात संदेशने आणलेला टेंपरेचरचा सेन्सर बसणार होता, जो थेट त्याच्या मोबाईलवर आकडा दाखवतो. दुसऱ्यात आमचा जुनाच, केबिनमधला काटा हलवणारा. मिस्त्री म्हणाला, "चाचा, दोनों आराम से बैठ जाएंगे."

संदेश म्हणाला, "एकच बसवा. दुसरं बंद करून टाका."

मी म्हटलं, अरे, जागा आहे, सेन्सर आहे, वायरही आहे… राहू दे की. तर म्हणाला, "त्या काट्याचं नाव सांगून बाळारामकाका दर फेरीला घाटात थांबतात. गाडी तेवढी तापतच नाही, बाबा. आता मला इथे बसून दिसेल."

त्याचं बोलणं खरं होतं. 

बाळाराम आमचा ड्रायव्हर. शेलार गावच्या शाळेत माझ्या एक वर्ग मागे. धंदा नवीन होता तेव्हा मीही त्याच्या शेजारी बसून नाशिकला जायचो. कसारा घाट चढून झाला की तो गाडी कडेला घ्यायचा, बोनेट उघडायचा, आणि इंजिन निवेपर्यंत आम्ही शाळेतल्या कविता म्हणायचो. एक कडवं त्याचं, एक माझं, गुरुजींनी लावलेल्या चालीसकट… एखादी ओळ अडली की समोरच्या दरीकडे बघत बसायचं. ती हळूहळू वर यायची.

तेव्हा गाडी खरंच तापायची. पुढे रेडिएटर बदलला, तापणं थांबलं… बाळारामचं थांबणं मात्र चालूच राहिलं. त्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं. त्याला साखरेचा आजार. वेळेवर पोटात दोन घास गेले नाहीत तर हात कापायला लागतात. तेव्हा थांबायचं, भाकरी खायची, पाय मोकळे करायचे, आणि कोणी विचारलंच तर सांगायचं, काटा वर गेला होता. भाकरीसाठी थांबलो म्हटलं तर दर फेरीला घाटातच का, हा प्रश्न आला असता.

हे मी गॅरेजमध्ये सांगितलं असतं तर काटा राहिला असता आणि बाळाराम गेला असता. आजारी माणूस स्टेअरिंगवर नको, हा संदेशचा नियम. तो नियम एका ड्रायव्हरला लावताना मी पाहिलंय. मग मी दुसरंच काहीबाही बोलत बसलो… जुन्या आठवणी, घाट, कविता. संदेश मिस्त्रीला म्हणाला, "आमच्या बाबांना या काट्यालाही चाल लावायची असेल."

मिस्त्रीने बूच पिळलं. दोन हिसके जास्तच दिले, असं मला वाटलं.

संध्याकाळी बाळारामला फोन करून सगळं सांगितलं. तो हसला. "दादा, गाडी मी चालवतो का मोबाईल चालवतो? थांबायचं तिथं थांबीन."

गुरुवारी कापडाच्या गाठी भरून तो नाशिकला निघाला. मी आणि संदेश दापोड्याच्या ऑफिसात बसलो होतो. दुपारी संदेशच्या मोबाईलवरचा, गाडी कुठे आहे ते दाखवणारा ठिपका घाटात थांबला. त्याने स्पीकरवर फोन लावला.

"काका, का थांबलात?"

"गाडी गरम झाली हाय."

"नाही झाली, काका. आकडा माझ्यासमोर आहे."

 शेजारच्या टेबलावरचा बुकिंगवाला पोरगा मान खाली घालून हसला. मला बोलायचं होतं… आणि जे बोलायचं तेच बोलता येत नव्हतं.

"मंग नसंल झाली," बाळाराम म्हणाला. "निघतो."

ठिपका हलला. त्याने भाकरीचं फडकं सोडलं होतं की नव्हतं, हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

शनिवारी तो ऑफिसात आला आणि चावी टेबलावर ठेवली. "आता डोल्यांना नीट दिसत न्हाय, शेठ." ज्या पोराला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं, त्याला तो पहिल्यांदाच शेठ म्हणाला. संदेशच्या ते लक्षातही आलं नाही. तो मला म्हणाला, "बघा, वेळेवर स्वतःहून सोडलं. बरं झालं."

मी बाळारामला सोडायला रस्त्यापर्यंत गेलो. पलीकडे, पार गोदामाच्या भिंतीशी, एक ट्रक उभा होता. त्याच्या पाठीवर लिहिलेला शेर बाळारामने मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन्ही ओळी, न अडखळता… मग म्हणाला, "आता सांगा कोनालाबी सांगायचं तर. आता काय जाणार हाय माझं?"

म्हणून हे लिहितोय. संदेश, तू माझ्या पोस्ट वाचतोस, हीसुद्धा वाचशील. तुझा आकडा खरा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आभार मात्र मी त्या काट्याचे मानतो. तो कित्येकदा खोटं बोलला… पण त्याच्या आडोशाला एक माणूस इतकी वर्षं, कोणाकडे परवानगी न मागता, दोन घास खाऊ शकला.