घाटमाथ्याची ओळ

रंजिता मेंगाळ कल्याणच्या एका छोट्या वाहिनीसाठी मुरबाड-शहापूर भागातल्या हवामानाच्या बातम्या देते. टोकावड्याच्या पलीकडे डोंगराला टेकलेल्या ठाकरवाडीतली ती. वाडीतून पदवीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. सहा वर्षांत तिचा चेहरा एवढा ओळखीचा झाला होता, की बाजारात बायका तिला अडवून विचारायच्या, "ताई, उद्या वाळवण घालू का?"

गेल्या जुलैतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता ती मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर उभी राहिली. चार दिवस झोडपून पाऊस थांबला होता. हवामान खात्याच्या पत्रकात तिच्या भागासाठी दोन ओळी होत्या. सखल भागात उघडीप, ही पहिली. घाटमाथ्यावर दुपारी काही ठिकाणी अतिमुसळधार सरी, ही दुसरी. तिला तीस सेकंद मिळाले होते. तिने पहिली ओळ सांगितली, "रविवार मोकळा आहे, मजा करा," असं हसून म्हटलं, आणि वेळ संपली.

दुपारी वाहिनीने तिला वैशाखऱ्याजवळच्या ओढ्यावर पाठवलं. पर्यटकांची गर्दी दाखवायची होती. सोबत कॅमेरामन कमळू. ओढ्यावर एक बुटकी फरशी होती, कठडे नसलेला ठेंगणा पूल. तिच्या दोन्ही अंगांना शे-दीडशे माणसं पाण्यात बसलेली, मोबाईलवर गाणी, भज्यांचा वास. ऊन पडलं होतं. फक्त घाटाच्या बाजूचं आकाश काळंनिळं होतं, आणि तो काळेपणा जागचा हलत नव्हता.

कमळू कॅमेरा लावत होता तेव्हा रंजिताला काठावरच्या दगडांवर खेकडे दिसले. एक नाही, वीस-पंचवीस. सगळे पाण्यातून वर चढत होते. तिच्याच वाडीतले म्हातारे धाऊबाबा काठाला गुरं राखत बसले होते. हातातली काठी टेकत ते उठले.

"पोरी, पानी बघलास का गो?"

मघाचं नितळ पाणी तांबूस झालं होतं. त्यावरून हिरवी पानं येत होती, ओल्या मातीचा उग्र वास सुटला होता.

"वर ढग फुटलाय," धाऊबाबा म्हणाले. "लोंढा येल. मानसा काढ भायेर."

रंजिता माईक टाकून धावली. "बाहेर या! वरून पाणी येतंय, सगळे बाहेर!"

काहींनी वर बघितलं. ऊन होतं. एक मुलगा हसला, "अरे, या तर सकाळच्या मॅडम! सेल्फी द्या ना." त्याच्या मागे एक माणूस बायकोसोबत फरशीच्या कडेला बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, तुमीच बोललात ना, रविवार मोकळा? आमी तुमचंच ऐकून आलो वाशिंदवरून."

मग रंजिता ओरडली, कॅमेऱ्यासमोर कधीच न बोललेल्या घरच्या बोलीत, शिव्या देत. धाऊबाबा काठी घेऊन पाण्यात शिरले आणि लोकांच्या दंडाला धरून ओढू लागले. गुरं आपणहून टेकाडावर चढत होती. ते बघून आधी काही बायका पोरांना घेऊन उठल्या, आणि त्यांच्यामागे गर्दी पळाली.

वाशिंदचा माणूसही बायकोला घेऊन काठावर आला. त्याचं नाव साईनाथ, हे नंतर कळलं. त्याची मोटारसायकल फरशीच्या पलीकडे होती. "नवी आहे गो, आलोच," असं बायकोला सांगून तो वळला.

"नका जाऊ!" रंजिताने त्याचा शर्ट पकडला. ओला शर्ट हातातून निसटला.

तो फरशीच्या मध्यावर असताना वरच्या वळणावर झाडं हलली. वारा नव्हता. आवाज नंतर आला, दगड दगडावर आपटल्याचा, जमिनीतून पायात शिरणारा. पाणी उभ्या भिंतीसारखं आलं. क्षणात फरशी दिसेनाशी झाली.

साईनाथ दुसऱ्या दिवशी टोकावड्याच्या खाली झुडपात सापडला. बाकी सगळे वाचले.

वाहिनीला ते चित्रण हवं होतं. तो माणूस वाहून जातानाचं दृश्य रंजिताने कमळूला पुसायला लावलं. संध्याकाळी ती थेट प्रक्षेपणात म्हणाली, "सकाळी पत्रकात घाटमाथ्याचा इशारा होता. मी तो सांगितला नाही." पुढचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही, वाहिनीने आवाज बंद केला होता. दोन महिने तिला पडद्यावर येऊ दिलं नाही.

त्या दोन महिन्यांत ती एकदा वाशिंदला गेली. साईनाथच्या बायकोने, रोशनीने, दार उघडलं, तिला ओळखलं, आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. रंजिताने त्या दुसऱ्या ओळीबद्दल सगळं सांगितलं. मग रोशनीने विचारलं,

"तुमी आरडलात तेव्हा पाणी यायला किती टाइम होता?"

"चार मिनिटं. फार तर पाच."

"आणि ते गाडीकडं वळले तेव्हा?"

रंजिताला ते ठाऊक होतं. पुसण्याआधी तिने कमळूच्या चित्रणावरचे सेकंद पाहिले होते. तिने खाली बघून आकडा सांगितला, "चाळीस सेकंद." रोशनी उठून आत गेली. बराच वेळ झाला तरी ती बाहेर आली नाही, तेव्हा रंजिता दार हलकेच ओढून निघाली.