परबांची काठी

मुलुंडच्या टेकडीवर पूर्वी दगडखाण होती. ती बंद पडली आणि मागे नुसता उघडा मुरूम उरला. पायथ्याच्या इमारतीतले नंदकुमार परब पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर पावसाळ्यात तिथे रोपं लावायचे. मार्चपर्यंत त्यांच्या काड्या व्हायच्या. परबांच्या मते हे सगळं वस्तीतल्या शेवंताबाईंच्या शेळ्यांचं काम. शेळ्या दिसल्या की ते काठी घेऊन धावायचे आणि मालवणीत शिव्या द्यायचे. शेळ्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायच्या. तिथे एकही रोप नव्हतं, म्हणून तेवढी जागा परबांनी सोडून दिली होती.

गेल्या उन्हाळ्यात शेवंताबाई शेळ्या घेऊन गावी गेल्या. श्रावणात परब टाकीमागे डोकावले, तर गुडघाभर गवत आणि त्यात बोरीची रोपं, कोणी न लावलेली. त्यांनी उकरून पाहिलं. लेंड्या कुजून मुरूम काळा झाला होता. राखण केलेली बाकीची टेकडी तांबडीच होती.

कापणीनंतर आजोबा धनगराला बोलावून खतासाठी शेतात मेंढरं बसवायचे, हे त्यांना तेव्हा कुठे आठवलं.

दिवाळीनंतर शेवंताबाई परतल्या. परब त्यांच्या दारात गेले.

"शेळ्या टेकडीवर बांधाल का? आठवडाभर एका जागी, मग पुढच्या."

"आणि तुमची काठी?"

परब त्यांना आणि शेळ्यांना टेकडीवर घेऊन गेले. टेकडीवरच्या सगळ्यात उघड्या जागी त्यांनी ती काठी दगडाने ठोकून रोवली आणि पहिल्या शेळीचं दावं स्वतःच त्या काठीला बांधलं.