हरिहरशास्त्र्यांचे डोळे

अकोल्याच्या जुन्या शहरात हरिहरशास्त्री पत्रिका काढून देतात, तीही कॉम्प्युटरवर. गेल्या गुरुवारी त्या पडद्यावर शनी चंद्राच्या उरावर बसला, गुरूच्या जागी नुसता चौकोन उमटला आणि शास्त्रीबुवा खुर्ची ओढून पडद्याला चिकटले. त्यांनी चष्मा पुसला, डोळे पुसले. अक्षरं तशीच एकमेकांवर चढलेली. गेले आपले डोळे!

त्यांच्या वडिलांची नजर साठीतच गेली होती. आई त्यांना हाताला धरून न्हाणीघरापर्यंत न्यायची. आता ताराने तेच करायचं? नको रे देवा! म्हणून बायकोजवळ त्यांनी चकार शब्द काढला नाही. डॉक्टरकडे तर नाहीच. तो 'हो' म्हणाला तर? पेपर उघडणंही सोडलं. पोथी वाचायचे, पण ती तोंडपाठ. डोळे आहेत की गेले, हे तिथे कसं कळणार? शनिवारी हिवरखेडचे गजेंद्र मुलीची पत्रिका न्यायला आले, तेव्हा "उद्या या" म्हणून शास्त्रीबुवांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

ते जाताच ताराबाई कडाडल्या. "कालही उद्या, आजही उद्या! काय झालं तुमाले? काहून लपवून राहिले?"

"तारा, मले दिसत नाही. अक्षरावर अक्षर चढते."

ताराबाई पदर खोचून पडद्यासमोर बसल्या. पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "मलेबी तसंच दिसते."

शास्त्रीबुवांनी ताराबाईंचा हात धरला. "अरे देवा! तुझेबी गेले?"

"अवो, दोघांचे एकाच वेळी कसे जातीन?"

ताराबाईंनी अमरावतीला लेकीला, देवश्रीला, फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन शास्त्रीबुवांच्या हातात दिला. पत्रिकेचा नवा प्रोग्राम तिनेच बुधवारी येऊन घालून दिला होता.

"बाबा, जुना प्रोग्राम काढला ना? दोघांचे फॉन्ट भांडतात आणि अक्षरं एकमेकांवर चढतात, म्हणून तर काढायला सांगितलं होतं मी."

"दसऱ्याले पूजा केली त्याची, पोरी. असाच कसा काढू? विसर्जनाचा मुहूर्त सोमवारी आहे."

एका म्यानात दोन तलवारी ठेवल्या होत्या शास्त्रीबुवांनी, तेही मुहूर्तासाठी! देवश्री हसत सुटली. ते हसले नाहीत. फोन ठेवून त्यांनी ताराबाईंचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि बघत राहिले.

"काय पाहून राहिले असे?"

"तू दिसते," ते म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.