आहेरात आलेलं सिमेंट

आमच्या घराची दर्शनी भिंत उघडी होती, एवढ्या एका कारणावरून माझ्या दिराचं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं. भिंत उघडी ठेवायची कल्पना माझी. त्यामुळे घरातल्यांच्या मते लग्न मी मोडत होते, भिंत बिचारी नुसती उभी होती.

मी नांदेडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. त्यामुळे मला सगळ्याच विषयांवर मतं आहेत. आमच्या गल्लीतल्या घरांवर तर जरा जास्तच! एका घराच्या गेटवर दोन सिंह बसलेत, त्यातला डावीकडचा रंगाऱ्याच्या कृपेनं माकडाकडे झुकलाय. समोरच्या घराला राजवाड्याचे खांब आहेत आणि खांबांच्या मधोमध स्कूटी. त्याच्या शेजारच्यांनी घराला बाहेरून खालपासून वरपर्यंत चकचकीत टाइल्स लावल्यात, त्याला मी 'उलटं केलेलं बाथरूम' म्हणते (त्यांच्यासमोर नाही). शिवाय प्रत्येकाच्या गेटपुढचा उतार रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेला. आमच्या गल्लीत सपाट चालायचं असेल तर दुसऱ्या गल्लीत जावं लागतं.

आमची बायकांची एक पुस्तक-भिशी आहे. जिचा नंबर लागेल तिला सगळ्याजणी मिळून तिच्या पसंतीचं पुस्तक घेऊन देतात. बाकीच्या शहाण्या बायका कादंबऱ्या मागायच्या. माझा नंबर लागला तेव्हा मी वास्तुकलेवरचं एवढं जाडजूड पुस्तक मागितलं की ते घरी आणायला रिक्षा करावी लागली. त्यात लिहिलं होतं, वीट हे प्रामाणिक साहित्य आहे, तिला झाकू नका, भिंतीला श्वास घेऊ द्या. मी ते वाक्य ह्यांना वाचून दाखवलं. नेमकं आमचं स्वतःचं घर तेव्हा जोत्यापर्यंत आलं होतं.

"तू घे की श्वास," हे म्हणाले. "भिंतीला कामून पाहिजे?"

"अहो, तुम्हाला सौंदर्यदृष्टी नाही."

"न्हाई तर न्हाई. पण लोक काय म्हनतील?"

लोकांना मी विचारणार नव्हते. समोरची भिंत बाहेरून आणि आतून, दोन्ही बाजूंनी उघड्या विटांची राहील, हॉलमध्ये तिला लागून माझ्या पुस्तकांचं कपाट उभं राहील, असं मी जाहीर करून टाकलं. मिस्त्रीनं ऐकलं, थापी खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मॅडम, पैशाचं मागून बघू म्हना," तो हळू आवाजात म्हणाला, "पन असं करू नका."

पण केलं! भिंत झाली आणि इतकी देखणी झाली की मी रोज शाळेतून आल्यावर आधी तिच्यावरून हात फिरवायची आणि मग चपला काढायची. आयुष्यात एक गोष्ट तरी माझ्या मनासारखी झाली होती. मला त्या भिंतीचा फार अभिमान होता, हे आत्ताच सांगून टाकते.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी लोह्याहून मामा आले. (सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात.) मामा म्हणजे शेतातला माणूस, गड्यांवर ओरडायची सवय असल्यानं कानात बोलले तरी चौकापर्यंत जातं. ते गेटमध्ये थांबले, भिंतीकडे बघितलं आणि उपरण्यानं डोळे टिपले.

"बाई," ते मला म्हणाले, "आधी सांगायचं व्हतं. आमी काय परके हाव का?"

"मामा, काम पूर्ण झालंय. ही डिझाइन आहे."

मामांनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं आणि मग ह्यांना कोपऱ्यात घेऊन त्यांच्या परीनं कुजबुजले, "सूनबाई लई खमकी हाय रे! घरची अडचन झाकून राहिली."

ही कुजबुज गल्लीनं ऐकली आणि फोननं ती मुदखेड, धर्माबाद, लोहा असा फेरा मारून आली. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायला लागले. आमच्याकडे वास्तुशांतीला आहेर म्हणजे टॉवेल-टोपी, साडी-चोळी. मुदखेडच्या आत्या रिक्षातून उतरल्या, मागून रिक्षावाला सिमेंटची गोणी घेऊन उतरला. आत्यांनी गोणीला हळदकुंकू लावलं, वर ब्लाउजपीस पसरलं आणि मला म्हणाल्या, "नाही म्हनू नको माय, एवढ्यात खालची बाजू तरी व्हईल." धर्माबादच्या पाहुण्यांनी गोणीबरोबर त्यांच्याकडची मिरचीही आणली. दोन्ही पोती एकाच कोपऱ्यात ठेवल्यामुळे होमाच्या वेळी भटजी शिंकत होते की खोकत होते ते कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळपर्यंत देवासमोर सिमेंटची थप्पी लागली. साडी एकच आली आणि ती सिमेंटच्या रंगाची होती.

मला वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील. पण गल्लीनं आमचं अर्धवट घर दत्तक घेतलं! शेजारच्या देगलूरकर काकूंनी आमच्या भिंतीला काळी बाहुली टांगली.

"काकू, हे काय?"

"अर्ध्या घराला नजर लौकर लागती."

"अर्धं नाही हो, पूर्ण झालंय!"

"हाव हाव," काकू मला समजावत म्हणाल्या, "व्हईल पूर्न. देव हाय."

मी बाहुली काढली. काकूंनी पुन्हा लावली आणि सोबतीला एक फाटका बूट लावला. वाळूचा टेम्पो रोज दारात थांबून हॉर्न द्यायला लागला. टाइल्सवाले शेजारी, ज्यांच्या घराला मी उलटं बाथरूम म्हणायची, ते उरलेल्या टाइल्सचं खोकं घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, पडूनच हाईत. तुमच्या कामी येतील." मी खोकं घेतलं आणि त्यांना चहा पाजला.

अशात बालाजीला लातूरचं स्थळ सांगून आलं. बालाजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, सरकारी नोकरीत, स्वभावानं गाय, आणि तरी लग्न जमत नव्हतं. मुलींना कुणी पुण्यातलं हवं होतं, कुणी परदेशातलं. डोक्यावरचे केस रजा टाकून चालले होते आणि पोरगा आता आरशात बघायचंही टाळायला लागला होता. फोटो मी काढला होता, हॉलमध्ये, माझ्या भिंतीपुढे, पुस्तकांच्या कपाटाला टेकवून. मामांनी तो मोबाइलवर बघितला आणि म्हणाले, "भिंत काप." कापताना बालाजीचा एक कान गेला. (तोवर न कापलेला फोटो मी लातूरला पाठवून बसले होते, पण ते कुणाला बोलले नाही.)

लातूरकरांनी फोटो पसंत केला आणि घर बघायला येतो म्हणाले. मामा तातडीनं लोह्याहून आले.

"बाई, आता पलस्तर करा. सिमेंट हायेच."

"मामा, मुलगी एम. ए. झालेली आहे. शिकलेली माणसं आहेत, त्यांना आवडेल."

"बापाची आडत हाय लातूरला. त्याला पोत्यातलं कळतं, भिंतीतलं न्हाई."

 बालाजी माझ्याकडे बघून नुसता म्हणाला, "वहिनी, तुमी म्हनसाल तसं." ह्या पोरानं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. शेवटी तडजोड झाली. भिंतीला हात लावायचा नाही, पण झाकायची! मंडपवाल्याला बोलावलं. त्यानं बाहेरून आणि आतून झालरीचं गुलाबी कापड लावलं, आणि माझं पुस्तकांचं कपाट तेवढं कापडातून बाहेर डोकावत राहिलं.

पाहुणे आले. मुलीचे वडील, मुलीची आत्या आणि गाडी चालवायला मुलीचा भाऊ. वडील कमी बोलणारे. सोफ्यावर बसले, पोहे घेतले आणि कपाटाकडे बघत राहिले.

"येवढी पुस्तकं कुनाची?"

"माझी," मी उत्साहानं म्हणाले.

"समदी वाचली?"

"हो!"

ते मान हलवत म्हणाले, "मंग बरूबर हाय." काय बरोबर आहे ते मला तेव्हा कळलं नाही. मग त्यांची नजर गुलाबी कापडावर गेली. "ह्याच्या मागं काय हाय?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. खोटं बोलायची आमच्याकडे कुणालाच सवय नाही, म्हणून ते काम ह्यांनी अंगावर घेतलं आणि ऐन वेळी ह्यांच्या तोंडून निघालं, "देवघर!"

पाहुण्यांनी पोह्याची बशी लगेच खाली ठेवली. "आन् आमी चपला घालून बसलो व्हय!" तिघांनीही चपला बाहेर नेऊन ठेवल्या. आत्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "दर्शन घेऊनच बोलनी करू. देवाच्या दारात झालेली बोलनी मोडत न्हाई."

"देव... देव झोपलेत," हे म्हणाले.

"सकाळी अकराला?"

"रात्री जागरण झालं," मामांनी पोराला सांभाळून घेतलं आणि प्रकरण आणखी बिघडवलं.

"मंग बाहेरूनच पाया पडतो," वडील म्हणाले. ते कापडासमोर वाकले. आत्या वाकल्या. पाहुणे वाकलेत म्हटल्यावर मामाही वाकले, ह्यांनाही वाकावं लागलं, आणि मी माझ्याच भिंतीला सगळ्यांच्या मागून नमस्कार केला. आत्यांनी भक्तिभावानं कापडाचं टोक डोळ्यांना लावलं. मंडपवाल्यानं कापड खिळ्यांऐवजी टाचण्यांवर भागवलं होतं. अख्खी झालर सुळकन खाली आली आणि वाकलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर पडली.

गुलाबी ढिगातून एकेक डोकं बाहेर आलं. समोर माझी भिंत, लाल, सुबक, मोकळा श्वास घेणारी. आमचा मात्र अडकला होता.

वडिलांनी एका विटेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं बघितलं. मग कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अतिशय समजूतदार आवाजात म्हणाले, "पुस्तकातच गेलं म्हना की सगळं."

मी तोंड उघडलं. प्रामाणिक साहित्य, भिंतीचा श्वास, सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मला दारात उभा असलेला बालाजी दिसला. तो कानांपर्यंत लाल झाला होता आणि जमिनीकडे बघत होता. मी तोंड मिटलं.

वडील अंगणात जाऊन फोनवर बोलले आणि परत आले. "पोरगी हो म्हनून राहिली. फोटो आल्यापासून हो म्हनून राहिली, काय बघितलं तिनं, तिला ठाऊक. आमी म्हनलं बाई घर बघू दे, तर म्हनली घर तर पयलंच पसंत हाय." त्यांनी घसा साफ केला. "पन लेक द्यायची म्हनल्यावर बापाचा जीव हाय. लग्नाच्या आत ही भिंत पलस्तर व्हावी. आमचा मिस्त्री पाठवतो. लेकीकडून आहेर समजा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.  एका बाजूला माझी भिंत, दुसऱ्या बाजूला बालाजीचे उरलेसुरले केस. "चालेल," मी म्हणाले, आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत जाऊन रडले.

लातूरचा मिस्त्री आला. वास्तुशांतीच्या गोण्या फुटल्या आणि आहेर एकदाचा सत्कारणी लागला. मामांनी स्वतः उभं राहून पिस्ता रंग मारून घेतला. शेजाऱ्यांच्या टाइल्स खालच्या पट्टीला लागल्या. देगलूरकर काकूंनी बाहुली उतरवली, पेढे वाटले आणि भेटेल त्याला सांगितलं की त्यांच्या बुटानंच घर पूर्ण झालं.

लग्न दणक्यात झालं. अश्विनी माप ओलांडून आत आली, सगळ्यांच्या पाया पडली, आणि हॉलमध्ये उभी राहून इकडेतिकडे बघायला लागली. मला वाटलं, बाथरूम शोधतेय.

"काय पाहिजे गं?"

"वहिनी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "ती विटांची भिंत कुठाय?"

"कुठली?"

"फोटोतली! पुस्तकांच्या मागची! मी म्हनलं, आपल्या भागात अशी भिंत ठेवनारं घर हाय म्हनजे मानसं वेगळी असनार. त्या भिंतीकडं बघून तर हो म्हनले मी. मागून आलेल्या फोटोत तर ह्यांचा एक कानबी नव्हता!"

मी पिस्ता रंगाच्या भिंतीकडे बोट दाखवलं. अश्विनीनं तिला हात लावला. त्या पहिल्याच दिवशी आम्ही दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, आणि पाहुण्या बायका म्हणाल्या, नव्या नवरीला माहेरची आठवण आली, वहिनी किती प्रेमळ!

पलस्तर खरवडायचं म्हटलं तर मिस्त्री म्हणाला, विटाच निघून येतील. मग अश्विनीनं मोबाइलवर शोधून एक कागद मागवला. भिंतीला चिकटवायचा, त्यावर विटा छापलेल्या. आम्ही दोघींनी स्टुलावर चढून तो पिस्ता रंगावर चिकटवला. आत खऱ्या विटा, त्यावर नातलगांचं सिमेंट, त्यावर मामांचा रंग, आणि सगळ्यांत वर विटांचं चित्र.

परवा मामा लोह्याहून आले. दारातच थबकले, जवळ जाऊन कागदावरून हात फिरवला. चेहरा खुलला.

"वा! काय डिझाइन हाय बाई! एकदम खऱ्या विटांवानी! हे सुचलं कुनाला?"

मी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"अश्विनीला, मामा."

"बघ," मामा मला म्हणाले, "शिकलेली सून असली की घराला कळा येती."