कॉम्प्युटरचं कपाळ

भोकरदनच्या बसस्टँडसमोर, रसवंतीला लागून, रामप्रसादचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि पोट उघडून पडलेली पाच-सात यंत्रं. डिप्लोमा त्यानं जालन्यातून केला, पण दुरुस्तीचा पहिला धडा त्याला त्याच्या कितीतरी आधी, मेंढरांच्या वाड्यावर मिळाला होता. त्याच्या वडिलांची, पुंजाराम आबांची हयात मेंढरांमागं गेली. मेंढरू मान टाकून बसलं की आबा आधी त्याला हात लावत नसत. राखणाऱ्याला विचारत, "काल काय खाल्लं यानं?" उत्तर मिळाल्याशिवाय औषध नाही.

रामप्रसादही गिऱ्हाईकाला हेच विचारतो, शब्द तेवढे वेगळे. बंद पडायच्या आधी काय केलं होतं? गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, "काहीच न्हाई." जगात काहीच न करता मरणारा जीव एकच, तो म्हणजे कॉम्प्युटर, हे त्याला धंद्यात पडल्यावर कळलं.

धंदा बरा चालला होता, लग्नाचं मात्र काही जमत नव्हतं. मुलगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हटलं की पाहुणे मान डोलवत आणि विचारत, "ते ठीक हाये, पण कामाला कुठं हाये?" अशानं तीन स्थळं हातची गेली. चौथं आलं जुन्या जालन्यातलं. इंद्रभानरावांचं सरकी-पेंडीचं दुकान. खाली दुकान, वर घर. मुलगी मोनिका बी.कॉम. झालेली, दुकानाची बिलं तीच करायची. आबांनी तिचा फोटो रामप्रसादला बघायला दिला, तो त्यानं परत केलाच नाही.

बघायच्या कार्यक्रमात पोहे झाले आणि इंद्रभानरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हणजे नोकरी न्हाई."

"दुकान हाये ना," रामप्रसाद म्हणाला.

"दुकान तर माझंबी हाये. माझ्या दुकानात पेंड दिसते. तुम्ही विकता काय?"

"विकत न्हाई. बंद पडलेलं चालू करून देतो."

"मंग चला खाली. आमचा कॉम्प्युटरचा डबा चार दिवसापासून रुसून बसलाय. तो चालू झाला तर पुढचं बोलू."

सगळे खाली उतरले. मुलीचे मामा तर हातातली पोह्यांची बशी घेऊनच उतरले. मोनिका आईच्या, प्रेमलाबाईंच्या मागं जिन्यात उभी राहिली. रामप्रसादनं नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि खिशातून पेचकस काढला. त्याच्या आईनं बजावूनही तो त्यानं घरी ठेवला नव्हता.

बटण दाबलं. पंखा घुं करून फिरला, बटणातला निळा दिवा लागला, पडद्यावर अक्षरं उमटतायत न उमटतायत तोच सगळं गप्प.

"बघितलं? रोज अस्संच," इंद्रभानराव म्हणाले. "बिलं ही पोरगी करती. हिनंच काहीतरी भलतंच दाबलं असंल."

"मी बिलाचंच दाबते, बाबा," मोनिका म्हणाली.

खरं तर इथंच रामप्रसादनं आबांचा प्रश्न विचारायला हवा होता. पण समोर मुलगी उभी. अशा वेळी माणसाला विचारण्यापेक्षा करून दाखवावंसं वाटतं. त्यानं डब्याचं झाकण काढलं. आतून पेंडीचा एवढा भुगा निघाला की एखाद्या वासराचं एका वेळचं भागलं असतं.

"अरे, हा तर माझाच माल," इंद्रभानराव म्हणाले.

रामप्रसादनं भुगा झाडला, पंखा पुसला. मग रॅमची पट्टी काढून तिचे दात खोडरबरानं घासले. मामा घास तोंडातच ठेवून बघत होते. "खोडरबरानं दुरुस्त होतो व्हय हा? मंग माझ्या नातवाचं दप्तर आणू का? पट्टी-पेन्सिलबी हाये त्यात."

पट्टी बसवून बटण दाबलं. पुन्हा तेच. घुं, निळा दिवा, गप्प.

रामप्रसादच्या कपाळावर घाम आला. त्यानं बटणाकडून येणारी वायर आतून सोडवली आणि ती जिथं बसते तिथल्या दोन टाचण्यांना पेचकसाचं टोक टेकवलं. बटणाशिवायच यंत्र चालू झालं. पडदा उजळला, दुकानाचं नाव दिसलं, बिलाचा प्रोग्रॅमही उघडला. प्रेमलाबाईंनी हात जोडले. मामांनी बशी खाली ठेवून टाळी वाजवली. रामप्रसादनं सगळं रीतसर बंद केलं, वायरच ढिली असणार असं समजून ती परत घट्ट जोडली, झाकण लावलं आणि जिन्याकडं एकवार बघून ऐटीत बटण दाबलं.

घुं. निळा दिवा. गप्प.

"पाव्हणे," इंद्रभानराव शांतपणे म्हणाले, "उघडा असला की चालतो अन् झाकला की मरतो. मंग थंडीच्या दिवसात काय करायचं याचं?"

मामा हसून ठसकले. तेवढ्यात पेंडीच्या पोत्यावर बसलेले आबा बोलले, "रामा, काल काय खाल्लं, ते विचारलं का?"

रामप्रसादचे कान तापले. त्यानं खाली मान घालून विचारलं, "हा बंद पडायच्या आधी कोणी काही केलं होतं का याला?"

"काहीच न्हाई," इंद्रभानराव म्हणाले.

"काहीच न्हाई कसं?" प्रेमलाबाईंना ते लागलं. "खंडेनवमीपासून रोज सकाळी पूजा करते मी त्याची. एक दिवस चुकू दिला न्हाई. तो निळा दिवा हाये ना, त्याच्यावर ओलं हळदकुंकू लावते. लक्ष्मीपूजनाला तर तूप-साखरबी लावली."

रामप्रसाद गुडघ्यावर बसला आणि बटणाकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. कडेनं लाल-पिवळी खपली धरली होती. बटण दाबलं की आत जात होतं आणि बराच वेळ तिथंच चिकटून बसत होतं. बटण दाबून धरलं की यंत्राला वाटतं, मालक बंद हो म्हणतोय. ते बिचारं हुकमाप्रमाणं बंद होत होतं.

"सापडलं ना?" इंद्रभानरावांनी विचारलं. "मंग बोला. कोणामुळं बिघडला? हिच्यामुळंच ना?"

भुग्यामुळं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मग उद्या सकाळी पुन्हा ओलं बोट बटणावर येणार, आणि ठपका मोनिकाच्या डोक्यावर तसाच राहणार. खरं बोलावं तर होणारी सासू पहिल्याच भेटीत दुखावणार. डिप्लोमाला हा विषय नव्हता.

"मावशी," तो म्हणाला, "तुमची पूजा याला पोचली. बिलकुल पोचली. जरा जास्तच पोचली."

"म्हंजे कसं?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"तुम्ही कपाळ समजून लावून राह्यल्या, पण ती याची नाकपुडी हाये. चूक तुमची न्हाई. नाकात दिवा बसवला बनवणाऱ्यांनी, तुम्हाला कसं कळणार? कपाळ इथं हाये." त्यानं डब्याच्या माथ्यावर टिचकी मारली.

"बराबर," आबा पोत्यावरून म्हणाले. "मेंढरालाबी भंडारा कपाळालाच लावतेत. नाकात भरला तर ते शिंकून शिंकून मरंल."

मग प्रेमलाबाईंनी पुढं होऊन डब्याच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं माय! इतके दिवस जीव घुसमटून राह्यल्ता व्हय याचा?"

रामप्रसाद काही मागायच्या आत मोनिका जिन्यावरून खाली आली. बांगडीतली सेफ्टी पिन काढून तिनं त्याच्यापुढं धरली. "खालच्या कडेनं कोरा. तिथं जास्त साचतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दिवाळीपासून मीच कोरून चालवत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "चार दिवसापासून सोडलं."

"काहून?"

"तुम्ही येणार म्हणून कळलं. आईला सांगून मी थकले, ऐकत न्हाई. तुम्ही कसं सांगता ते बघायचं होतं. नुसता कॉम्प्युटर दुरुस्त करणारे जालन्यात गल्लोगल्ली हायेत."

रामप्रसादनं पुढचं सगळं कोरीवकाम खाली मान घालूनच केलं. बटण दाबलं, ते टुणकन वर आलं, आणि यंत्र सुरू झालं ते सुरूच राहिलं. इंद्रभानरावांनी वाकून पडदा नीट बघितला. शेवटी म्हणाले, "चालू झाला खरा. पण पोरगा सरकारी नोकरीत न्हाई ते न्हाईच."

"तुमची पेंड सरकारी हाये का?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "जल्दी साखर आणा वरून."

लग्न होऊन आता दोन वर्षं झाली. भोकरदनच्या दुकानात दुसऱ्या खुर्चीवर मोनिका बसते. गिऱ्हाईक "काहीच न्हाई केलं" म्हणालं की ती म्हणते, "घरी आई असंल ना? फोन लावा तिला." निम्मे रोग तिथंच सापडतात. प्रेमलाबाई महिन्या-दोन महिन्यांनी येतात आणि टेबलावरच्या प्रत्येक डब्याच्या माथ्यावर हळदकुंकू लावतात. अगदी बरोबर कपाळावर. तरीही त्या जालन्याच्या बसमध्ये बसल्या की मोनिका बांगडीतली पिन काढते आणि एकेका बटणाच्या कडेनं फिरवून बघते.