चाकाखालचं पाणी

माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, तुमसरच्या दवाखान्यातून सायकल ढकलत आले. चाकात हवा होती, तरी ढकलत... तेव्हाच कळलं. माझ्या मोठ्या जाऊ, कौसल्याबाई, गेल्या; आम्ही सगळ्या त्यांना बाईच म्हणायचो. त्याला महिना होईल.

आमच्या मोहल्ल्यात विजेचे खांब नाहीत. विहारात संध्याकाळी बायांचा वर्ग भरायचा, गॅसबत्ती पाटलांच्या घरून आणायची. त्यांचं मन असलं तर मिळे, नाही तर बत्तीची जाळी फुटली म्हणून सांगत. एकदा बाई मागायला गेल्या, मी त्यांच्या मागे दडून उभी. पाटील म्हणाले, "शिकून का कलेक्टर होता? धानाचं रोवणं करा न!" परतताना बाई म्हणाल्या, "आपला उजेड दुसऱ्याच्या खुंटीले कायले टांगाचा वं?"

भासरे चिखल्याला खाणीचे ट्रक दुरुस्त करतात. त्यांनी भंगारातला डायनामो आणला. बाईंनी तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून लाकडी चाकाला पाती ठोकली. तलावाचं पाणी धानाला सुटतं त्या तोंडाशी चाक बसवलं. दिवसभर तिथं ट्रकची बॅटरी भरायची, डोक्यावर चुंबळीवर ठेवून बाई ती विहारात आणायच्या, तिच्यावर बल्ब लागायचा. पाणी बंद झालं की पुन्हा गॅसबत्ती लागायचीच, खोटं कशाला सांगू? पण पाण्याचे दिवस आमचे होते.

मग गावात बोलणं सुटलं, चाकानं पाण्यातला जीव काढून घेतला, आता धान पोचट होणार. बैठकीत पाटील म्हणाले, चाक काढा. बाई उठल्या. "औंदा चाक फक्त माह्या पाण्याच्या पाळीले फिरन. माहं धान पोचट निघालं तं चाक मीच चुलीत घालीन."

त्या वर्षी उजेड कमी मिळाला. कापणीला बाई एक पेंढी घेऊन पाटलांच्या ओसरीवर गेल्या, तळहातावर धान मळलं. "मारा फूक, पाटील." पाटील हलले नाहीत. बाईंनीच फुंकर मारली. फोल उडालं, दाणे जागचे हलले नाहीत.

माझी चौथी त्या बल्बाखाली झाली.

परवा पाण्याच्या बैठकीत पाटील म्हणाले, "कौसल्या गेली. आता काढा ते चाक." भासरे खाली पाहत होते. मी उभी राहिले.

"चाक राहीन," म्हटलं. "पाहिजे तं पुन्हा माह्या पाळीले फिरवा. पुन्हा फुका."

"हे कवापासून बोलाले लागली?" कोणीतरी हसलं. मी बसले नाही. पाटलांनी पुढचा विषय काढला, तेव्हा बसले.

काल आमची पाळी होती. बॅटरी भरली. बाईंची चुंबळ खुंटीवर तशीच होती, त्यांच्या डोक्याच्या घेराची, मला जरा सैल. डोक्यावर ठेवली, आणि बॅटरी उचलली.